धामणीची साल

रुमाल्या पाटलाने हातातली काठी धामणीच्या खोडावर आपटली आणि म्हणाला, "हे काय वाईट आहे, मोग्या? तिरासारखं सरळ आहे."

मी खोडाभोवती एक फेरी मारली. झाड मांडीएवढं जाड होतं. माझ्या डोक्याच्या वर हातभर जागेपर्यंत एक फांदी नव्हती, एक गाठ नव्हती. पान तोडून बघितलं. धामणीचंच होतं, देठाशी एक बाजू मोठी आणि एक लहान.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "पण थोडं वर जाऊन बघू."

"अजून किती वर? सकाळपासून सात झाडं दाखवली तुला. प्रत्येकाला तुझं एकच, थोडं वर बघू. झाड बघायला आलास की सून बघायला?"

त्याचा मुलगा सायसिंग मागे उभा होता. बावीस वर्षांचा होता तेव्हा. त्याने तोंड फिरवून हसू दाबलं.

डोंगराच्या वरच्या अंगाला बायका झाडांच्या साली काढत होत्या. त्यांचं बोलणं खालपर्यंत येत होतं. त्यांच्यात माझी बायको होती, खियाली. मला तिच्यापर्यंत पोचायचं होतं, पण पाटलाला ते सांगता येत नव्हतं.

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मार्गशीर्षाचा अंधारा पंधरवडा होता. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेल्या लाकडाला घुण लागत नाही, म्हणून कामठ्याचं, म्हणजे धनुष्याचं, लाकूड आम्ही तेव्हाच तोडतो. मग ते चुलीच्या वर धुरात तीन महिने वाळवायचं आणि होळीच्या आधी कामठा तयार करायचा. आमच्याकडे होळीच्या दुसऱ्या दिवशी उंच बांबूच्या टोकाला नारळ बांधतात आणि आमच्या आणि खालच्या गावातले तिरंदाज तो पाडायला बघतात. तीन वर्षं खालच्या गावाने नारळ नेला होता. त्या वर्षी पाटलाने सायसिंगला उभं करायचं ठरवलं होतं. कामठा माझ्याकडून हवा होता, आणि झाड त्याच्या डोळ्यांदेखत तोडायचं होतं. आदल्या दिवशी काही न सांगता पहाटेच तो माझ्या दाराशी आला आणि म्हणाला, चल.

आता खरं सांगायचं तर झाड मी निवडत नव्हतो.

माझा आजा कामठे करायचा, बा करायचा, मी करत होतो. आजूबाजूच्या आठ-दहा पाड्यांवर तिरकामठा हवा असला की लोक आमच्या दाराशी येत. मला तासायला येत होतं. शेकून वाक द्यायला येत होतं. बांबूच्या सालपटाची दोरी चढवायला येत होतं. धामण ओळखायला येत होती, पण ती कोणीही ओळखतो. कोणती धामण वाकून परत येईल आणि कोणती मोडेल, ते मला कळत नव्हतं. लग्न झालं त्या वर्षी माझ्या पाच कामठ्यांपैकी दोन तासतानाच चिरले. खियालीने ते तुकडे चुलीत घातले आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मी आधी जाऊन येते."

तिच्या माहेरी बायका धामणीच्या सालीचे दोर वळत. लहानपणापासून तिने साली ओढल्या होत्या.

आमच्यात कामठ्याच्या झाडाला बाई हात लावत नाही. पुरुषाने बुंध्याशी ज्वारीचे दाणे ठेवले की ते झाड कामठ्याचं झालं. तिथपासून दोरी चढेपर्यंत बाईने त्याला शिवायचं नाही, ओलांडायचंही नाही. पण दाणे ठेवण्याआधी ते नुसतं झाड असतं. त्याची साल बायका काढू शकतात. ते त्यांचंच काम आहे. पुरुष साल ओढत नाही. ओढली तर लोक म्हणतात, याला आता लुगडं द्या.

म्हणून आम्ही दोघांनी एक रीत बसवली होती. ती बायकांबरोबर साल काढायला जायची. चांगलं झाड दिसलं की कमरेएवढ्या उंचीवर सालीची एक बारीक पट्टी बुंध्याला गुंडाळून गाठ मारायची. दोन दिवसांनी मी जायचो, गाठ बघायचो, ती सोडून खिशात टाकायचो आणि दाणे ठेवायचो. नऊ वर्षं असं चाललं. त्या नऊ वर्षांत माझा एकही कामठा मोडला नाही. लोक म्हणायचे, मोग्याच्या डोळ्यात झाड दिसतं. मी ऐकून घ्यायचो.

मी तिला एकदा विचारलं होतं, तुला कसं कळतं? ती म्हणाली, "सालीला विचारते." मी हसलो. पुन्हा विचारलं नाही.

त्या वर्षी मात्र ती त्याच दिवशी पहिल्यांदा वर गेली होती. एकाही झाडाला अजून गाठ नव्हती.

"पाटील, आज राहू दे," मी म्हणालो. "परवा येऊ."

"परवा मला तालुक्याला जायचंय," पाटील म्हणाला. त्याने कमरेच्या फडक्यातून ज्वारीचे दाणे काढले आणि स्वतःच बुंध्याशी ठेवले. "झालं. हेच झाड. मार कुऱ्हाड."

मी कुऱ्हाडीची धार अंगठ्याने बघत उभा राहिलो. तेवढ्यात वरून पाचोळ्याचा आवाज आला. खियाली खाली येत होती. डोक्यावर सालीची मोळी होती. तिने मोळी खाली टाकली, झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बुंध्याशी दाणे होते. ते तिला दिसले. मी बघत होतो, ते तिला नक्की दिसले.

तिने झाडाला हात लावला.

नखाने सालीला चीर दिली, आतली पट्टी धरून खाली ओढली, आणि म्हणाली, "हे नको. याला पीळ आहे."

मग पाटील हसला. मोठ्याने हसला. "अरे मोग्या! कामठा तू करतोस की ही करते? आधी सांगायचं होतं, मी हिच्याच दाराशी आलो असतो."

सायसिंगही हसला. वरच्या बायका बोलायच्या थांबल्या होत्या. त्या ऐकत होत्या.

"जा तू," मी तिला म्हणालो. "आपलं काम कर."

"जेमलीचा बा, ऐक एकदा. बाहेरून सरळ आहे, पण आतून..." जेमली आमची मुलगी. खियाली मला तिच्या नावाने हाक मारायची.

"जा म्हटलं ना! सालीतलं तुला कळतं. लाकडातलं नाही."

ती बाजूला झाली. तिने मोळी उचलली नाही. मी पहिला घाव घातला तेव्हा ती तिथेच उभी होती.

झाड पडल्यावर मी माणसाच्या उंचीचा तुकडा कापला आणि पाचरी ठोकून चिरला. फाक सरळ जायला हवी होती. ती या टोकाला मधोमध सुरू झाली आणि त्या टोकाला दोन बोटं बाजूला निघाली. पाटील तेव्हा खाली बसून विडी ओढत होता. त्याने ते बघितलं नाही. खियालीने बघितलं. मीही बघितलं.

"झालं ना?" पाटलाने विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

तीन महिने ते लाकूड आमच्या चुलीच्या वर होतं. खियाली त्याच्याखाली भाकऱ्या थापायची. त्याच्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मी मनात म्हणायचो, दोन बोटांचा पीळ काही नसतो. शेकून काढता येतो. मी शेकला. तासताना जिथे पीळ होता तिथे लाकूड थोडं जाड ठेवलं. दोरी चढवून दहा वेळा ओढून बघितला. कामठा दिसायला सुरेख होता. पाटलाने हातात घेतला आणि म्हणाला, "बघ! उगीच घाबरवत होती बाई."

होळीच्या दुसऱ्या दिवशी सायसिंगने पहिला तीर मारला. तो नारळाच्या खालून गेला. दुसरा बांबूला घासून गेला. लोक ओरडायला लागले. त्याने तिसरा तीर लावला आणि या वेळी दोरी कानाच्याही मागे ओढली.

मोडायचा आवाज मला तीर सुटल्याच्या आवाजासारखा वाटला. मग सायसिंग गुडघ्यावर बसलेला दिसला. वरचा तुकडा दोरीला लटकत होता. त्याचा दोन्ही हातांनी झाकलेला चेहरा मी आधी बघितला आणि बोटांमधून येणारं रक्त नंतर. डावा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाच्या झाडाखाली पंच बसले. सायसिंगला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. पाटील रात्रभर झोपला नव्हता. मोडलेला कामठा मध्ये ठेवला होता.

"ओलं लाकूड होतं?" एका म्हाताऱ्या पंचाने विचारलं.

"नाही. तीन महिने धुरात होतं."

"जास्त शेकलास?"

"नाही."

"मग कामठा मोडतो कसा? तुझ्या बाचा कधी मोडला नाही. तुझा नऊ वर्षांत मोडला नाही. पाटलाच्या पोराच्या हातातच मोडायचा होता?"

पाटील माझ्याकडे बघत होता. मी जर म्हणालो असतो की लाकडाला पीळ होता आणि मला तो दिसला होता, तर त्यांनी माझी कुऱ्हाड आणि तासायचा वाकस काढून घेतला असता. पुन्हा कोणी माझ्याकडे आलं नसतं. आजाचं आणि बाचं नाव तिथेच संपलं असतं. हे सगळं मी तेव्हा विचार करून बोललो असं नाही. तोंडातून आलं.

"दाणे ठेवल्यावर खियालीने झाडाला हात लावला होता," मी म्हणालो.

पाटील मान हलवू लागला. "हो. लावला. माझ्यासमोर लावला. मी हसण्यावारी नेलं."

बायका पलीकडे बसल्या होत्या. पंचाने खियालीला उभं राहायला सांगितलं.

"दाणे दिसले होते तुला?"

"दिसले होते."

"तरी हात लावलास?"

"लावला."

का लावला, हे कोणी विचारलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी मोडलेल्या कामठ्याकडे बघत होतो. मोडलेल्या जागी लाकडाचे तंतू कसे फिरत गेले होते ते स्पष्ट दिसत होतं. कोणी खाली वाकून बघितलं असतं तर कळलं असतं. कोणी वाकलं नाही.

पंचांनी देवाला बकरा द्यायला सांगितला. आणि मी झाड तोडायला जाईन त्या दिवशी खियालीने डोंगरात यायचं नाही, असं ठरलं. बस, तेवढंच.

घरी आल्यावर तिने माझ्यासमोर भाकरी ठेवली. मी खाल्ली नाही.

"खा," ती म्हणाली. "तू खोटं बोलला नाहीस. हात लावला होता मी."

एवढंच ती त्याबद्दल बोलली. त्या दिवशी, आणि नंतरही कधी नाही.

पंचांनी ठरवलं तेवढ्यावर गाव थांबलं नाही. बायका तिला कामठामोडी म्हणू लागल्या. आधी मागून, मग तोंडावर. "ए कामठामोडी, सर, घडा भरू दे." ती सरायची. तिरकामठा दाराशी टांगलेला असला की तिला त्या घरात बोलवत नसत. सायसिंगचं लग्न झालं तेव्हा नवऱ्याला हळद लावायला सगळ्या बायका गेल्या, तीही गेली. परत आली तेव्हा तिच्या हाताला हळद तशीच होती. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "गर्दी होती." आणि हात धुतले.

मी कामठे करत राहिलो. सुरुवातीला कोणी येत नव्हतं. मग एक आला, मग दुसरा. आता गाठी नव्हत्या. मी एकटाच डोंगरात जायचो आणि झाड निवडायचो. पहिल्या वर्षी कामठा मोडला नाही. पुढच्या वर्षीही नाही. पाच वर्षं झाली, दहा झाली. मला वाटलं, आता मला झाड कळायला लागलं. मोडलेल्या कामठ्याने शिकवलं.

एकच त्रास होता. दर वर्षी मी अंधाऱ्या पंधरवड्यात जायचो तेव्हा चांगली चांगली झाडं आधीच सोललेली असायची. ज्याच्या बुंध्याची साल ओढलेली आहे ते झाड कामठ्याला चालत नाही, उघड्या जागेतून भुंगा आत जातो. आणि सोललेली झाडं नेमकी सरळ, जाड, बिनगाठीची. माझा हात आपोआप त्यांच्याकडे जायचा आणि मागे यायचा. मग उरलेल्यांतून एखादं घ्यायचो.

मी घरी येऊन चिडायचो. "तुम्हा बायकांना दुसरी झाडं मिळत नाहीत का? नेमकं सरळ झाडच का सोलता?"

खियाली अंगणात दोर वळत बसलेली असायची. एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं हातात. "सरळ झाडाची साल लांब निघते," ती म्हणायची.

"मग मी काय तोडू?"

"राहिलेलं तोड."

एकदा तर मी तिच्यावर ओरडलो. जेमली तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. ती म्हणाली, "बा, किती ओरडतोस? तुझे कामठे होतात ना दर वर्षी?" मी म्हणालो, "माझ्या डोळ्यामुळे होतात. तुझी आई तर डोंगर सोलून ठेवते." खियालीने वर बघितलं नाही. दोराला पाणी लावलं आणि वळत राहिली.

मागच्या श्रावणात ती गेली. तीन दिवस ताप होता. नदीला पाणी होतं, पलीकडे नेता आलं नाही. चौथ्या दिवशी पाणी उतरलं, पण ती त्या पहाटेच गेली होती. आमच्यात पुरुषाबरोबर त्याचा तिरकामठा देतात. तिच्याबरोबर मी तिचा साल काढायचा विळा दिला. तिला न्यायला फार माणसं आली नाहीत. वाटेत एक बाई दुसरीला सांगत होती, "कामठामोडी गेली." वाईट मनाने नाही. तेच तिचं नाव होऊन बसलं होतं.

मार्गशीर्षात सायसिंग माझ्याकडे आला. आता तो पाटील आहे. रुमाल्या पाटील चार वर्षांपूर्वी वारला. सायसिंगला कामठा हवा होता, या होळीला त्याचा पुतण्या उभा राहणार होता. मी म्हणालो, या वर्षी माझं मन नाही. तो माझ्या शेजारी बसला आणि समजावत राहिला.

"मोग्याकाका, माझ्यानंतर तुझा एक तरी कामठा मोडला का? मी तुला दोष देत नाही. ती बाई झाडापासून लांब राहिली आणि सगळं नीट झालं. आता गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं. चल, मी येतो बरोबर."

तो चांगल्या मनाने बोलत होता.

आम्ही दोघं डोंगरात गेलो. सकाळची वेळ होती. मी पहिल्या झाडापाशी उभा राहिलो. ते सरळ होतं. दुसऱ्यापाशी गेलो, तेही सरळ होतं. तिसरं, चौथं. एकही सोललेलं नव्हतं. या वर्षी साल काढायला कोणी आलंच नव्हतं. नायलॉनचा दोर मिळायला लागल्यापासून बाकीच्या बायका केव्हाच थांबल्या होत्या. खियाली एकटीच येत होती. हे मला माहीत होतं, तरी तिथे उभा राहीपर्यंत कळलं नव्हतं.

सगळी झाडं सारखी दिसत होती. मी इतकी वर्षं ज्यातून निवडत होतो, ती ही झाडं नव्हती.

"काय झालं?" सायसिंगने विचारलं.

"कळत नाही."

"काय कळत नाही? तुला कळत नाही तर कोणाला कळणार?"

मी पुढे गेलो. एका जुन्या सोललेल्या झाडापाशी थांबलो. खियालीने कधीतरी सोललेलं, पाच-सहा वर्षांपूर्वीचं. अशा झाडांजवळून मी दर वर्षी शिव्या देत पुढे जायचो. त्यांच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. आता बघितलं. साल ओढल्याची जागा बुंध्यापासून सुरू झाली होती आणि वर जाता जाता झाडाला वळसा घालून पाठीमागे गेली होती. मी मागे गेलो. ती मागून पुन्हा पुढे येत होती.

मी शेजारच्या सोललेल्या झाडाकडे गेलो. तिथेही तसंच. त्याच्या पुढच्याही. मी पळायला लागलो. सायसिंग माझ्यामागून येत होता. "काका, काय करतोस? पडशील!" वरच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला, खडकाच्या वर, जिथे जिथे तिने साल ओढली होती तिथे तिथे ती जागा झाडाभोवती फिरलेली होती. एकही सरळ नव्हती.

मग मी न सोललेल्या एका झाडाला नखाने चीर दिली. पट्टी धरली आणि ओढली. आयुष्यात पहिल्यांदा साल ओढली. ती खाली आली नाही. बाजूला गेली, आणि फिरत फिरत झाडामागे गेली.

"बाईमाणसाचं काम कशाला करतोस?" सायसिंग म्हणाला. मग त्याने माझं तोंड बघितलं आणि मागे सरला.

मी तिथेच खाली बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. गाठींचं सांगितलं. त्याच्या बाने दाणे ठेवले ते सांगितलं. तिने का हात लावला ते सांगितलं. फाक दोन बोटं फिरली होती आणि मी ती बघितली होती, तेही सांगितलं. पिळाची झाडं मी तोडू नयेत म्हणून ती दर वर्षी आधीच सोलून ठेवायची, तेही सांगितलं.

त्याने एका झाडाच्या खुणेवर तळवा ठेवला आणि ती जिथे जिथे जात होती तिथे हात फिरवत झाडाभोवती गेला. परत पुढे आला तेव्हा एक डोळा माझ्यावर होता.

"डोळ्याचं मला काही नाही," तो म्हणाला. "ते मी विसरलो. पण माझ्या हळदीला ती आली होती. तिने हात पुढे केला आणि माझ्या आईने तो मनगटाला धरून बाजूला केला. मी पाटावर बसलो होतो. बघत होतो. मलाही ते बरोबर वाटलं."

त्याने खुणेवरचा हात काढला.

"तिला कधी म्हणालास? चुकलो म्हणून?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही."

"उद्या मोहाखाली ये," तो म्हणाला. "मी लोक जमवतो." आणि माझी वाट न बघता उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी मी मोहाखाली उभा राहिलो आणि जे डोंगरात सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. कुऱ्हाड आणि वाकस पंचांसमोर ठेवला. त्या वेळचे पंच आता बहुतेक नाहीत. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. पण ज्यांच्यासमोर तिला उभं केलं होतं त्यातले फार थोडे उरले होते, आणि त्यांनाही नीट आठवत नव्हतं. त्यांना नाव तेवढं आठवत होतं.

सायसिंगची आई, बोंदरी, काठी टेकत आली होती. ती शेवटपर्यंत बसून होती. सगळे उठल्यावर ती घरी गेली. थोड्या वेळाने माझ्या अंगणात आली. हातात पळसाचं पान होतं, पानात ओली हळद.

"तिच्या हातचं काय आहे घरात?" तिने विचारलं.

मी इकडे तिकडे बघितलं. तिची दोन लुगडी जेमलीने नेली होती. विळा मी तिच्याबरोबर दिला होता.

"ही खाट," मी म्हणालो. "हिचा दोर तिने वळलाय."

म्हातारी खाटेपाशी बसली. मागच्या हिवाळ्यात खियालीने ती पुन्हा विणली होती, दोर अजून काळा पडला नव्हता. बोंदरीने बोटावर हळद घेतली आणि एका कोपऱ्यातल्या गाठीला लावली. मग दुसऱ्या कोपऱ्याला. गुडघे धरत उठायची, पुढे सरायची, पुन्हा बसायची. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तू लांब राहा."

चारी कोपऱ्यांना हळद लावून ती गेली. ती हळद अजून दोरावर आहे. त्या दिवसापासून मी खाली झोपतो.